सुप्याच्या बाजारात जळालेले कागद



आज थोडा इतिहास सांगणार आहे, आणि तो आपल्याच तालुक्यांतला आहे. पुणे, सुपे आणि इंदापूर ही शहाजीराजांची जहागीर होती, हे आपण शाळेत शिकलो. पण याच सुप्याचं नाव आणखी एका गोष्टीसाठी देशाच्या इतिहासात नोंदलं गेलंय. १२ मे १८७५ या दिवशी सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. इतिहासाच्या पुस्तकांत याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. सुपे त्या वेळी भीमथडी तालुक्यात होतं, आज ते बारामती तालुक्यात आहे.

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की वाद होतो. एखादी म्हणते, दंगा केल्याशिवाय सरकार हलतच नाही. दुसरी म्हणते, दंग्यानं गरिबाचंच घर जळतं, कायद्यानं चालावं. तिसरी म्हणते, कायदा कागदावरच असतो, खरं जग बदलतं ते यंत्रानं. आधी रेल्वे आली, मग मोटार, मग मोबाईल. तिघींच्याही म्हणण्यात थोडं थोडं खरं आहे. नवं यंत्र, कायदा आणि लोकांचा उद्रेक एकमेकांना कसं ढकलतात, हे सुप्याच्या गोष्टीत अगदी स्पष्ट दिसतं. म्हणून ती सुरुवातीपासून पाहू.

सुरुवात इंदापूरपासून करावी लागते. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी जमिनीवर सारा बसवला. प्रिंगल नावाच्या साहेबानं केलेली पहिली आकारणी इतकी जड झाली की लोक जमिनी सोडून जाऊ लागले, गावं ओस पडू लागली. मग १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नवी पद्धत काढली आणि ती पहिल्यांदा लागू झाली ती इंदापूर तालुक्यात. साखळी टाकून शेत मोजायचं, हद्दीचे दगड रोवायचे, प्रत्येक शेताला नंबर द्यायचा, जमिनीचा पोत पाहून सारा ठरवायचा आणि तो तीस वर्षं बदलायचा नाही. आज आपण सातबाऱ्यावर जो गट नंबर बघतो, त्याची मुळं या मोजणीत आहेत.

हे चांगलं झालं की वाईट? सारा उतरला, ओसाड जमिनी पुन्हा वहितीखाली आल्या, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. जमिनीला नंबर मिळाला, नंबरापुढे एका माणसाचं नाव लागलं, आणि ती जमीन गहाण टाकायला, विकायला, जप्त करायला सोपी झाली. आधी सावकार उभ्या पिकाकडे बघून कर्ज द्यायचा, आता तो शेताकडे बघू लागला. मोजणीची साखळी हे त्या काळचं नवं तंत्र होतं. शेतकऱ्याला तिनं हक्क दिला, आणि तो हक्क हिसकावून घ्यायची वाटही त्याच साखळीनं मोकळी केली.

मग आली रेल्वे. १८५८ साली ती पुण्यापर्यंत आली, त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या दिक्सळपर्यंत, आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचली. १८६३ मध्ये बोरघाटाचा रस्ता खुला झाला आणि मुंबई बंदर थेट जोडलं गेलं. तेवढ्यात १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तोवर विलायतेतल्या गिरण्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेतून यायचा. तो बंद पडल्यावर सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानावर वळल्या. कापसाचे भाव भडकले. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी गावोगावच्या सावकारांना पैसा दिला, सावकारांनी शेतकऱ्यांना दिला. काही ठिकाणी कापसाच्या एकरामागे शंभर शंभर रुपये उचल मिळू लागली. आपल्या भागात ज्वारी-बाजरीच जास्त, कापूस थोडा. पण धान्याचे भाव चढले, रेल्वेच्या आणि घाटाच्या कामावर मजुरी मिळाली, बैलगाड्यांना भाडी मिळाली. हातात पैसा खेळला आणि कर्ज मागेल त्याला मिळू लागलं.

१८६५ मध्ये युद्ध संपलं. त्याच सुमारास विलायत आणि हिंदुस्थान तारेनं जोडले गेले होते, म्हणजे तिकडचा भाव पडला की मुंबईला लगेच कळायचं. कापूस घसरला, पैसा आटला. रेल्वेचं काम संपल्यानं मजुरी गेली आणि रेल्वे सुरू झाल्यानं गाडीवानांची भाडीही गेली. आणि नेमकं याच वेळी, १८६७ च्या आसपास, इंदापूरच्या मोजणीची तीस वर्षं संपली. सरकारनं नवी आकारणी केली. दख्खनच्या कितीतरी गावांत सारा पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढला. भाव पडलेला, सारा चढलेला. सारा रोख भरायचा, म्हणून शेतकरी पुन्हा सावकाराच्या दारात. पण आता सावकार नवीन कर्ज द्यायला तयार नव्हता. त्याला जुनी वसुली हवी होती.

आता कायद्याकडे या. जुन्या काळी सावकार गावावर अवलंबून असायचा. पाटील, पंच, चार लोकांची लाज यांनी त्याच्या वसुलीला लगाम असायचा. दामदुपटीचा नियम होता, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही. इंग्रजी कोर्टं आल्यावर चार लोकांचा शब्द मागे पडला आणि कागद पुढे आला. रोख्यावर जे लिहिलंय ते खरं.

१८५९ मध्ये सरकारनं मुदतीचा कायदा केला. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही तर तो बाद. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचू नये. पण झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार शेतकऱ्याकडून नवा रोखा लिहून घ्यायचा. मागचं मुद्दल आणि साचलेलं व्याज यांची बेरीज करून तेच नवं मुद्दल.

आपण गटात हिशोब करतो तसा हा हिशोब करून बघा. समजा शंभर रुपये कर्ज, महिना शेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांचं व्याज बहात्तर. नवा रोखा १७२ रुपयांचा. पुढच्या तीन वर्षांनी तो होतो जवळजवळ २९६ चा. आणखी तीन वर्षांनी ५०९ चा. दर वेळी तीन वर्षांचं व्याज मुद्दलाहून कमीच, म्हणजे दामदुपटीचा नियमही मोडला नाही. कायदाही मोडला नाही. आणि शंभराचे नऊ वर्षांत पाचशे नऊ झाले.

यावर शेतकरी सही कशी करायचा? बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. जुन्या मराठी दस्तांवर कुणब्याची खूण म्हणून नांगर काढलेला असतो, आणि बाईची खूण म्हणून बांगडी. नांगर आणि बांगडी! ज्यावर घर चालतं तो नांगर, आणि हातातली बांगडी, या खुणा अशा कागदावर उमटायच्या की ज्यात काय लिहिलंय ते खूण करणाऱ्याला वाचता येत नव्हतं. दावा लागला तरी कोर्ट लांब, रोजगार बुडवून जाणार कोण? अनेक दाव्यांत शेतकरी हजरच व्हायचा नाही आणि निकाल एकतर्फी लागायचा. मग जप्ती.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका सावकारानं कोर्टाचा हुकूम आणून गावातल्या एका कर्जदाराचं घर ताब्यात घेतलं. गाव चिडलं, पण हाणामारी केली नाही. सावकारावर बहिष्कार टाकला. त्याच्याकडे कुणी कामाला जाईना, पाणी भरीना, हजामत करीना, दुकानात कुणी फिरकेना. ही हवा आजूबाजूच्या गावांत पसरली. आणि १२ मे १८७५ ला सुप्यात बांध फुटला. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांवर गेले, वह्या आणि रोखे मागितले, मिळालेल्यांची होळी केली. धान्याची दुकानं लुटली, काही घरांना आगी लावल्या. पुढे हे लोण शिरूरकडे आणि नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, कर्जत भागांत गेलं. तीसहून जास्त गावांत असं घडलं. पोलीस आले, फौज आली, शेकडो लोक पकडले गेले.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. लोकांचा रोख कागदावर होता. जिथे सावकारानं रोखे मुकाट्यानं दिले, तिथे बहुधा त्याला हातही लावला नाही. लोकांना कळलं होतं की आपल्याला बांधलंय ते त्या कागदानं.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राग बरसला तो गावात दिसणाऱ्यावर, आणि त्यातही जास्त करून बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या मारवाडी-गुजराती सावकारांवर. गावातले आपलेच लोकही सावकारी करत होते, ते बरेचसे सुटले. सारा वाढवणारी कचेरी लांब होती, कापसाचा भाव ठरवणारं विलायतेचं गाव तर कुणी पाहिलंही नव्हतं. उद्रेकाचा हा दोष आहे, मैत्रिणींनो. त्याला दुखणं कळतं, पण तो जवळच्यालाच मारतो. ज्यांच्या दुकानाला आग लागली त्या घरांतही बायका-पोरं होतीच.

दंग्यानंतर सरकारनं चौकशी आयोग नेमला. आयोगानं सगळा दोष सावकाराच्या माथी मारला आणि सरकारच्या वाढलेल्या साऱ्याला जवळजवळ मोकळं सोडलं. ज्यानं सारा वाढवला त्यानंच नेमलेला आयोग, दुसरं काय सांगणार? तरीही त्या चौकशीत गावोगावचे हिशोब, रोखे, साक्षी गोळा झाल्या. मग १८७६-७८ चा मोठा दुष्काळ पडला. १८७९ च्या सुरुवातीला वासुदेव बळवंत फडक्यांनी याच पुणे जिल्ह्यात बंड उभारलं. सरकारला भीती वाटली की पुन्हा वणवा पेटेल. आणि १८७९ मध्येच ‘दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा’ झाला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी होता.

या कायद्यात काय होतं ते ऐका. शेतकऱ्यानं करून द्यायचा रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहायचा. सावकारानं पावती द्यायची, हिशोबाचा उतारा द्यायचा. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कोर्टानं रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा व्यवहार तपासायचा. किती दिले, किती फेडले, व्याज किती चढवलं. म्हणजे आपल्या हिशोबातल्या ५०९ च्या मागे शंभरच रुपये होते, हे आता कोर्टात दाखवता येऊ लागलं.

मग प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. सावकारांनी नवी वाट शोधली. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायचं, आणि तोंडी सांगायचं, ‘पैसे फेडलेस की जमीन परत.’ हा प्रकार तुम्हाला ओळखीचा वाटला ना? कायदा एक दार बंद करतो, तर लबाडी खिडकी शोधते. दुसरं असं की नुसता सावकाराला आवर घालून भागत नाही, स्वस्त कर्ज द्यायला दुसरं कुणीतरी लागतं. आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यासाठी वेडरबर्न साहेबांनी शेतकी बँकेची योजना मांडली होती, न्यायमूर्ती रानडे तिच्या बाजूनं होते. ती विलायतेत अडली. १८८३-८४ मध्ये तगाईचे कायदे झाले, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आज आपण सोसायटी म्हणतो, बचत गट म्हणतो, त्यांची मुळं शोधत गेलं तर सुप्याच्या त्या राखेपर्यंत जाता येतं.

आता आजच्याकडे येऊ. नांगर-बांगडीच्या जागी पुढे अंगठा आला. त्याचीही गोष्ट आपल्याच देशातली आहे. १८५८ मध्ये बंगालात जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं एका ठेकेदाराच्या करारावर त्याच्या तळहाताचा ठसा घेतला. का? तर उद्या त्यानं ‘ही सही माझी नाही’ असं म्हणू नये म्हणून. म्हणजे ठसा घेण्याचं तंत्र पहिल्यापासून घेणाऱ्याच्या सोयीचं आहे. ठसा सांगतो ‘ही तीच बाई.’ पण ‘हिला कागद समजला’ हे ठसा सांगत नाही. आज आपण यंत्रावर बोट टेकवतो, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगतो, स्क्रीनवर ‘मान्य आहे’ दाबतो. प्रश्न १८७५ चाच आहे. ओळख पटली, पण समज पटली का?

दीडशे वर्षांनंतरही तीच साखळी दिसते. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात मायक्रोफायनान्सची कर्जं झपाट्यानं वाढली. एकेका बाईवर तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जं, दर आठवड्याला वसुली, दारात येऊन अपमान. आत्महत्या झाल्या, लोक खवळले, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये त्या राज्यानं घाईनं कडक कायदा केला. वसुली थांबली, पण ज्या बायकांना खरंच कर्जाची गरज होती त्यांचीही दारं बंद झाली. २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेनं देशभरासाठी नियम केले. पुन्हा तोच क्रम. आधी पैसा वाटण्याची नवी रीत, मग त्रास, मग उद्रेक, आणि शेवटी कायदा.

पहिलीला मी म्हणेन, उद्रेकानं सरकारला जाग येते हे खरं, पण त्याची किंमत कोण भरतं तेही बघ. सुप्यात पकडले गेले ते शेतकरी, आणि कायदा झाला चार वर्षांनी. दुसरीला म्हणेन, कायद्यानं चालावं हे बरोबर, पण १८५९ चा कायदाही कायदाच होता. ज्याला वाचता येतं त्याच्याच हातात तो राहिला. तिसरीला म्हणेन, यंत्र जग बदलतं, पण कुणाच्या बाजूनं, ते यंत्र ठरवत नाही. रेल्वेनं माल नेला, तसा भावही पाडून आणला. तिघींना मिळून मला एवढंच म्हणायचंय की उद्रेक होईपर्यंत थांबायचं नसेल, तर कागद समजून घेण्याची सवय शांततेच्या दिवसांतच लावावी लागते. कायद्यानं दिलेला हक्क आपल्याला माहीत असला तरच तो हक्क, नाहीतर तो कपाटातला कागद. आणि आज तर कागद जाळूनही काही होत नाही. नोंद कंप्युटरमध्ये असते, सिबिलमध्ये असते.

म्हणून काही गोष्टी लिहून ठेवा. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम असे आहेत. ज्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत आहे, त्याला दिलेलं मायक्रोफायनान्सचं कर्ज तारणाशिवाय असलं पाहिजे. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. कर्जाचं कार्ड आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळालं पाहिजे. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी त्रास देता येत नाही. मोबाईलवरून कर्ज घेतलं तर पैसे थेट आपल्याच खात्यात आले पाहिजेत, खर्च आणि व्याजाचा गोषवारा आधी मिळाला पाहिजे, आणि ॲपनं आपल्या फोनमधले नंबर बघता कामा नयेत. रिझर्व्ह बँकेचा मदतीचा क्रमांक १४४४८ आहे, आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०.

खाजगी सावकारीसाठी महाराष्ट्राचा २०१४ चा कायदा आहे. सावकाराकडे परवाना हवा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टँपवर सही-अंगठा घेणं हा गुन्हा आहे. सावकारीत पंधरा वर्षांच्या आत जमीन लिहून घेतली असेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. चौकशीत ती सावकारी ठरली तर जमीन परत मिळू शकते. १८७९ नंतरच्या त्या खोट्या खरेदीखतावर कायद्याला उत्तर सापडायला किती वर्षं लागली बघा.

आणि गटात काय करायचं? आपली पंचसूत्री आपल्याला पाठ आहे, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोबाच्या वह्या. तिला एक सवय जोडू या. गटातल्या कुठल्याही बाईनं बाहेरचं कर्ज घ्यायचं ठरवलं, तर अंगठा देण्याआधी तो कागद बैठकीत मोठ्यानं वाचायचा. कॉलेजला जाणाऱ्या पोरीनं वाचला तरी चालेल. मुद्दल किती, हातात येणार किती, एकूण फेडायचे किती, हे तीन आकडे इतिवृत्तात लिहायचे. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज घेतलं जात असेल, तर तिथेच थांबायचं आणि तीन वर्षांच्या रोख्याचा हिशोब आठवायचा. आणि अडकलेल्या बाईला नावं ठेवायची नाहीत. लाजेनं ती गप्प बसली की वसुलीवाल्याचं फावतं. करड्याच्या लोकांनी एकमेकांना धरून ठेवलं होतं, म्हणूनच त्यांना आग न लावताही सावकाराला जाब विचारता आला.

सुप्याच्या शेतकऱ्यांना त्यांच्या नांगराच्या खुणेवर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही. आपल्यात आज वाचणाऱ्या आहेत, वही लिहिणाऱ्या आहेत, हिशोब करणाऱ्या आहेत. येत्या बैठकीत एकेकीचं कर्जाचं कार्ड काढा आणि मोठ्यानं वाचा.

भेटू पुढच्या वेळी.